स्वस्त लॅपटॉप, ‘सगळं टाकून देतो’ आणि घरी करायची साफसफाई

पुण्यात टिळक रोडवर जुना लॅपटॉप पसंत केला की पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : ‘विंडोज, ऑफिस, अँटीव्हायरस, सगळं टाकून देतो.’ दुकानदार हे चांगल्या मनानंच म्हणतो. पण असं टाकलेलं विंडोज बरेचदा क्रॅकनं (लायसन्स चुकवणाऱ्या प्रोग्रामनं) चालू केलेलं असतं, आणि क्रॅकला अडथळा नको म्हणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) बंद असतो, नाहीतर काही फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळलेले असतात. त्याच यंत्रावर तुम्ही उद्या बँकेचा पासवर्ड टाइप करणार. म्हणून आमचं सांगणं एकच आहे : यंत्र दुकानातून घ्या, सिस्टीम मात्र घरी, आपल्या हातानं चढवा, आणि तीही विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम.

त्यासाठी सध्याचा काळ चांगला आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेल प्रोसेसरच्या आठव्या पिढीहून जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं कमी भावात मिळतात, आणि लिनक्सला ती पुरून उरतात. ‘आय-५ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण नंबर वाचा. आय-५ ८३५० म्हणजे आठवी पिढी, ६३०० म्हणजे सहावी. रॅम ८ जीबी हवी. ४ जीबीवर मिंट (लिनक्सचा आम्ही पुढे सुचवलेला प्रकार) चालतं, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की धापा टाकतं. नवा लॅपटॉप घेणार असाल तर ६४ जीबी ईएमएमसी स्टोरेजवाला टाळा. तिथे स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं आणि बरेचदा रॅमही. विंडोजऐवजी डॉस किंवा उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) घालून विकलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, विंडोजचे पैसे वाचतात.

पैसे देण्याआधी बायोस

बाजारातली बरीच जुनी यंत्रं कंपन्यांनी वापरून काढलेली असतात : लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड, एचपीचा एलिटबुक. बांधणी दणकट, सुटे भाग मिळतात, लिनक्सही नीट चालतं. पण कंपनीनं मागे ठेवलेली कुलपं यांच्यातच सापडतात. दुकानातच यंत्र बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या मेनूत, शिरा : थिंकपॅडला एफ१, डेलला एफ२, एचपीला एफ१०.

पासवर्ड मागितला तर तिथेच थांबा. ‘सेल काढला की जातो साहेब’ हे थिंकपॅडच्या बाबतीत खरं नाही. त्याचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून जात नाही.

पासवर्ड नसेल तर सिक्युरिटीच्या पानावर ‘कॉम्प्युट्रेस’ किंवा ‘अ‍ॅब्सोल्यूट’ शोधा. चोरीला गेलेलं यंत्र शोधण्यासाठी कंपन्या हे वापरतात. डिस्क बदलली तरी फर्मवेअरमधला (बोर्डावरच्या चिपमधला) हा भाग विंडोजमध्ये आपला एजंट पुन्हा पेरतो. तिथे ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ दिसलं तर ते यंत्र घेऊच नका. लिनक्समध्ये तो एजंट त्या वाटेनं शिरत नाही हे खरं, पण यंत्र अजून कुणाच्या तरी नोंदीत आहे एवढं त्यातून कळतं. ‘नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड’ असेल तर घरी नेल्यावर ‘पर्मनंटली डिसेबल्ड’ करा. हा बदल एकदाच होतो, परत फिरवता येत नाही. इथे आपल्याला तेच हवं आहे.

इंटेलच्या व्हीप्रोचं स्टिकर असेल तर एएमटीसुद्धा बघा. कंपनीच्या आयटी विभागाला दूरवरून यंत्र हाताळता यावं म्हणून ही सोय असते आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमच्या खाली चालते. त्यामुळे लिनक्स घालून ती बंद होत नाही. बायोसमध्ये एएमटी बंद करा. पर्याय दिसत नसेल तर सुरू होताना कंट्रोल-पी दाबून एमईबीएक्सचा, म्हणजे एएमटीच्या सेटिंगचा, मेनू उघडतो का पाहा. तिथला मूळ पासवर्ड बहुतेक ठिकाणी ‘अ‍ॅडमिन’ हाच असतो. तो चालला नाही, तर आधी कुणीतरी बदलला आहे असं धरा आणि दुकानदाराला सेटिंग मूळ पदावर आणून द्यायला सांगा.

याच फेरीत बायोसमधला सिरियल नंबर, खालचं स्टिकर आणि बिल, तिन्ही जुळवा. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहूनच घ्या. जुन्या बाजारात पुस्तकं, पितळी भांडी जरूर घ्या, बिनबिलाचा लॅपटॉप नको; उद्या तो चोरीचा निघाला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आधारची झेरॉक्स मागितली तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून तेच द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. टचपॅड वर उचललेलं वाटलं तर बॅटरी फुगली आहे, यंत्र परत ठेवा.

पेनड्राइव्ह

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. तो विश्वासाच्या दुसऱ्या संगणकावर तयार करा, नुकत्याच आणलेल्या लॅपटॉपवर नको. पहिल्यांदाच लिनक्स घेणाऱ्यांना आम्ही लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवतो. २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, आणि वापराची माहिती ती परस्पर कुठे पाठवत नाही. फाइल साधारण ३ जीबीची आहे.

उतरवलेली फाइल तपासायचा कंटाळा करू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचीच वेबसाइट हॅक झाली होती आणि डाउनलोडची लिंक चोरवाट बसवलेल्या फाइलकडे वळवली होती. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे त्या फाइलचा ठसा, काढता येतो. ६४ अक्षरांची ओळ येते, ती मिंटच्या साइटवरच्या ओळीशी पूर्ण जुळली पाहिजे. पहिली चार अक्षरं बघून सोडू नका. साइटच हॅक झाली तर तिथली ओळही बदलता येते, म्हणून मिंट त्या ओळींच्या यादीवर जीपीजी ही डिजिटल सही करतं. ती सही तपासायची कृती त्यांच्या इन्स्टॉलेशन गाइडमध्ये दिली आहे. अर्धा तास लागतो, पण तो वसूल होतो. मग रूफस किंवा एचर या प्रोग्रामनं फाइल पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

पुसणं आणि चढवणं

आधी यंत्र निर्मात्याच्या साइटवरून बायोस अपडेट करून घ्या, विंडोज असतानाच ते सोपं जातं. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असू द्या. मध्येच वीज गेली आणि बॅटरी मेलेली असली तर बोर्डच हातचं जाईल. तेवढ्यापुरतं इंटरनेट जोडलं तरी त्या विंडोजवर कुठेही लॉगिन करू नका.

मग डिस्क पुसा. एसएसडीवर साधं फॉरमॅट पुरत नाही. फक्त यादी पुसली जाते, माल गोदामात तसाच असतो. डेलच्या बायोसमध्ये ‘डेटा वाइप’, एचपीमध्ये ‘सिक्युअर इरेझ’ मिळतं, ते वापरा. आधीच्या मालकाची कागदपत्रं किंवा त्याच्याकडून आलेला व्हायरस, काहीच आपल्या घरात नको.

आता पेनड्राइव्ह लावून सुरू करा (डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९) आणि लाइव्ह सिस्टीममध्ये (पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या) वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटून उघडणं हे सगळं तपासा. इंटेलचं वायफाय कार्ड बहुधा बिनतक्रार चालतं. ब्रॉडकॉमला वेगळा ड्रायव्हर लागतो. तोवर फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करा.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये स्टोरेज ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर असतं, ते ‘एएचसीआय’ करा.

‘इरेझ डिस्क’ निवडल्यावर लगेच पुढे जाऊ नका. तिथेच ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’चं बटण आहे. त्यात एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडायची पद्धत) निवडून खालची ‘एन्क्रिप्ट’ची खूण करा. सगळ्यात जास्त लोक हीच पायरी गाळतात, आणि नंतर एन्क्रिप्शन हवं झालं की पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. पीएमपी बसच्या गर्दीत बॅग गेली तर यंत्राचे पैसे जातील, पण कागदपत्रं वाचता येणार नाहीत, ते या एका खुणेमुळे.

एन्क्रिप्शनचा पासवर्ड म्हणून पसायदानाची ओळ किंवा सोसायटीचं नाव नको. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा : फणस, टपाल, विळी, गारवा, सुतळी असे. हे पाच आता छापले गेले, तुमचे वेगळे काढा. देवनागरी अक्षरं घेऊ नका, यंत्र सुरू होताना हा पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावर ती टाइप करता येतील याची खात्री नसते. कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. विसरलात तर डेटा कुणीच काढून देऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट : झाकण मिटून लॅपटॉप झोपवला की एन्क्रिप्शनची किल्ली रॅममध्येच राहते. बाहेर नेताना पूर्ण बंद करून न्या.

बायोसमधलं सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणारी सोय) चालूच राहू द्या, मिंटला ते चालतं. मात्र ब्रॉडकॉम किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर घालताना ते एक तात्पुरता पासवर्ड मागतं आणि पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येतो. बरेच जण सवयीनं ‘कंटिन्यू बूट’ दाबतात आणि मग ‘ड्रायव्हर टाकला तरी वायफाय चालत नाही’ म्हणून हैराण होतात. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो.

मराठीसाठी ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम) बसवून इन्स्क्रिप्ट कीबोर्ड जोडा. श्रीलिपीत काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांनी आणि टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मात्र विंडोजचं एक यंत्र राहू द्यावं. ही कामं लिनक्सवर ओढून आणण्यात वेळच जातो. डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल तर तो देणाऱ्याकडे लिनक्सचा ड्रायव्हर आहे का, हे जुनं विंडोज पुसण्याआधी विचारून घ्या.

घरातला जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर त्याची हार्डडिस्क काढून घ्या. बहुतेक यंत्रांत दहा-बारा स्क्रूंचं काम असतं, आणि डिस्कशिवाय दुकानदार फारतर थोडे पैसे कमी देईल.