आडवे बारा महिने उभे करा
विभागाचं नाव मर्ज केलेल्या एकाच सेलमध्ये आणि जानेवारी ते डिसेंबर आडवे पसरलेले: अशा एक्सेल शीटवर ना धड फिल्टर लागतो, ना बेरीज जुळते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या पांडाज (pandas) या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीमध्ये हे तीन ओळींचं काम आहे.

आधी विभागाच्या रकान्यावर 'एफफिल' (ffill, रिकाम्या जागी वरचंच मूल्य भरणारी आज्ञा) चालवा. मर्ज केलेल्या सेलचं नाव फक्त पहिल्या ओळीत येतं. एफफिलने खालच्या रिकाम्या ओळी त्याच नावाने भरतात. मग 'एकूण'च्या ओळी काढा, नाहीतर बेरीज दुप्पट होते. शेवटी 'मेल्ट' (melt, आडवे रकाने उभ्या ओळींत आणणारी आज्ञा): विभाग आणि वस्तू तसेच ठेवा, महिने उभे होतील. ५० ओळींच्या ६०० व्हायला हव्यात, मोजून बघाच.

एफफिल अख्ख्या शीटवर मात्र लावू नका. खरोखर रिकाम्या जागीही वरचा आकडा येऊन बसतो आणि नंतर तो ओळखू येत नाही.