एका पझेशनचा हिशेब: बास्केटबॉल मॅनेजर गेमचं इंजिन स्प्रेडशीटमध्ये कसं उभं करावं

बास्केटबॉल मॅनेजर गेममध्ये आपण खेळाडू निवडतो, पाच जणांना उतरवतो आणि मग हातावर हात ठेवून बघत बसतो. पडद्यावर ‘थ्री-पॉइंटर, हुकला, रिबाउंड’ अशा ओळी सरकत राहतात. गेम आधी निकाल ठरवतो आणि मग त्याला शोभेलशा ओळी जुळवतो, असा अनेकांचा पक्का समज असतो. निदान ‘बास्केटबॉल जीएम’ या ब्राउझरवर चालणाऱ्या फुकट गेममध्ये तरी तसं होत नाही. त्याचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर कुणालाही वाचता येतो. तिथे एकेक पझेशन (चेंडू एका संघाकडे आल्यापासून दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा खेळ) खरोखर खेळलं जातं: एक प्रश्न, एक रँडम आकडा, उत्तर, पुढचा प्रश्न. धावफलक त्यातून आपोआप तयार होतो.

हेच इंजिन, म्हणजे सामना खेळवणारं गणित, छोट्या प्रमाणात स्वतः करून बघता येतं. स्प्रेडशीटमधलं ‘रँड’ हे फंक्शन 0 ते 1 मधला आकडा देतं, तेवढं पुरे. शीटमध्ये काहीही टाइप केलं की हे आकडे बदलतात, म्हणून तपासायच्या आधी ते कॉपी करून ‘फक्त व्हॅल्यू’ म्हणून पेस्ट करा.

पायरी 1: पझेशन किती, ते ठरवा. अमेरिकेतल्या एनबीए लीगचा सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. प्रत्येक संघाला साधारण 100 पझेशन धरली, तर एकाच्या वाट्याला 14 सेकंदांच्या आसपास येतात. (24 सेकंदांत शॉट घ्यायलाच लावणारा शॉट क्लॉक 1954 साली आला. त्याआधी, 1950 मध्ये, फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या संघाला 19-18 असं हरवलं होतं. त्या काळाचं इंजिन लिहिणं सोपं गेलं असतं, बघणं अवघड.)

पायरी 2: आधी टर्नओव्हर विचारा. आकडा 0.13 पेक्षा कमी आला तर चेंडू गेला, पझेशन संपलं. हा प्रश्न शॉटच्या आधी यायला हवा. चेंडू हातात टिकला तरच बाकीच्या प्रश्नांना अर्थ.

पायरी 3: शॉट कोण घेणार? इंजिनचा खरा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घालवा. समजा पाच खेळाडूंचं युसेज रेटिंग (हल्ल्यात कोण किती चेंडू वापरतो त्याचं माप) 80, 60, 50, 40 आणि 30 आहे. बेरीज 260. म्हणजे पहिल्याला 80 भागिले 260, जवळपास 31 टक्के शॉट मिळतील. एनबीएच्या मोठ्या स्टारला साजेसा आकडा आहे हा. आता त्याच रेटिंगचा वर्ग करून वाटणी करा: 6400, 3600, 2500, 1600, 900. पहिल्याचा वाटा एकदम 43 टक्क्यांच्या घरात जातो. 2016-17 मध्ये एनबीएतल्या रसेल वेस्टब्रुकने युसेजचा विक्रम केला, तोही 42 टक्क्यांच्या आत होता. म्हणजे नुसता रेटिंगचा घात बदलून तुम्ही मर्जीप्रमाणे स्टार मोठा करू शकता किंवा चेंडू सगळ्यांत फिरवू शकता.

पाच स्कोअरर एकत्र आणले की गुण पाचपट का होत नाहीत, याचं उत्तरही इथेच मिळतं. वाटा 100 टक्क्यांचाच. पाचवा आला की बाकी चौघांचा कमी होतो. माझ्या मते मॅनेजर गेममधले निम्मे फसलेले ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) या एका पायरीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

पायरी 4: शॉट कुठून, आणि पडला का? सुरुवातीला रिमजवळून (बास्केटच्या कड्याजवळून) 40 टक्के, मिड-रेंज (मधल्या अंतरावरून) 20, थ्री (तीन गुणांच्या रेषेबाहेरून) 40 अशी वाटणी ठेवा. शॉट पडण्याची शक्यता अनुक्रमे 0.65, 0.42 आणि 0.36. बचाव चांगला असेल तर दोन-तीन टक्के कमी करा, पास चांगला मिळाला असेल तर तेवढेच वाढवा. जास्त हात सैल सोडू नका.

पायरी 5: चुकला तर रिबाउंड, म्हणजे उसळलेला चेंडू कोण पकडतं ते. साधारण चारपैकी एक रिबाउंड हल्ला करणाऱ्या संघाकडे जातो. तसं झालं तर पायरी 2 वर परत जा, पण पझेशन मात्र तेच धरा. नवीन मोजलंत तर एका संघाची पझेशन दुसऱ्यापेक्षा फुगतात आणि सगळी सरासरी बिघडते.

एक पझेशन हाताने चालवू. पहिला आकडा 0.62, टर्नओव्हर नाही. दुसरा 0.47. पहिल्या खेळाडूची हद्द 0.31 ला संपते, दुसऱ्याची 0.54 ला, म्हणजे शॉट दुसऱ्याचा. तिसरा 0.71, म्हणजे 0.60 च्या वर, थ्री. समोर चांगला बचावपटू, म्हणून शक्यता 0.34. चौथा 0.39, हुकला. पाचवा 0.18, रिबाउंड आपलाच. अशा रिबाउंडनंतर शॉट क्लॉक 14 सेकंदांचा. पुन्हा टर्नओव्हर नाही, चेंडू पहिल्याकडे, रिमजवळून, आकडा 0.22. दोन गुण. पडद्यावर याच्या चार ओळी दिसल्या असत्या.

फाउल (शॉट घेणाऱ्याला नियमाबाहेर अडवणं) मुद्दाम शेवटी ठेवलेत. पायरी 5 पर्यंतचं नीट चाललं की मगच घाला: रिमजवळ जास्त, थ्रीवर अगदी कमी. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा बिनअडथळ्याचा शॉट) 0.78 ने. थकवाही तसाच नंतर. मिनिटं वाढतील तसे रेटिंग थोडं थोडं खाली आणा. बास्केटबॉल जीएममध्ये शूटर, चेंडू हाताळणारा, रिबाउंडर यांच्या कौशल्यांचे एकमेकांना पूरक ठरणारे बोनसही आहेत, पण पहिल्या शीटमध्ये ते घुसडू नका.

पायरी 6: तपासा. वरचे आकडे घेऊन, फाउल न धरता, गणिताने 100 पझेशनमागे 110 च्या आसपास गुण निघतात. एनबीएत अलीकडच्या हंगामांत ही सरासरी 110 ते 115 च्या आसपास राहिली आहे. त्यामुळे फाउल घातल्यावर तुमचे आकडे वर सरकले, तर शॉटची टक्केवारी किंचित खाली घ्या. तपासणी हजारभर पझेशनवर करा. एका सामन्यावर नको, कारण तोच संघ, त्याच रेटिंगने, एका सामन्यात 97 करेल आणि दुसऱ्यात 123. तो बिघाड नाही. 100 पझेशनमध्ये एवढा चढउतार होतोच, आणि ‘इंजिन मला मुद्दाम हरवतं’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तोच असतो.