गिअरबॉक्स सांभाळून झटपट गिअर टाकायला शिकताना

चिंचवडच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने माझ्या तळहातावर दोन पितळी रिंगा ठेवल्या. बांगडीएवढ्या, बाहेरून बारीक दात, आतून नाजूक आटे. "ताई, ही नवी आणि ही तुमच्या गाडीतली." दिसायला दोन्ही सारख्याच. मग त्याने नवी रिंग दुसऱ्या गिअरच्या निमुळत्या पोलादी भागावर बसवली. "अंगठ्याने दाबा आणि फिरवून बघा." दाबल्यावर ती जागची हलेना. माझी जुनी रिंग बसवली तर कितीही दाबली तरी गुळगुळीत फिरत राहिली. तिचे आटे झिजून सपाट झाले होते. शेजारच्या ट्रेमध्ये काढलेलं गिअर ऑइल होतं आणि उन्हात त्यात सोनेरी कणी चमकत होती. ती त्याच रिंगेची पूड.

गाडी म्हणजे बाबांकडून माझ्याकडे आलेली पेट्रोल स्विफ्ट, तेव्हा 31,000 किलोमीटर झालेली. व्हिडिओ बघून बघून मला झटपट गिअर टाकायची आवड लागली होती. हात जितका जोरात तितका गिअर चांगला पडला, असं मी धरून चालले होते. आठ महिन्यांनी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना 'कर्र' व्हायला लागलं. गिअरबॉक्स उतरवलाच होता म्हणून क्लच प्लेटही पाहिली, तर तीही संपत आलेली. दुरुस्तीत माझा निम्मा पगार गेला. तुम्ही आत्ता शिकायला सुरुवात करत असाल तर तो खर्च तुमचा वाचावा, म्हणून हे लिहितेय.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या, कारण बरेच शिकवणारेही तिथे गल्लत करतात. गिअर बदलताना गाडीत दोन वेगवेगळ्या ठिकाणी फिरण्याच्या वेगात फरक पडतो. पहिला फरक इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला. तो क्लच प्लेट घासून भरून काढते. दुसरा फरक गिअरबॉक्सच्या आतला, गिअर आणि ते ज्याच्यावर बसलेले असतात तो शाफ्ट यांच्यातला. तो ही पितळी रिंग, म्हणजे सिंक्रो रिंग, घासून भरून काढते. कुठल्या चुकीची किंमत कोण मोजतं हे कळलं की पुढचं सगळं तंत्र आपोआप उलगडतं.

आकड्यांत बघा. माझ्या गाडीत ताशी 50 ला चौथ्या गिअरमध्ये आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारा, काटा सुमारे 1800 वर असतो. त्याच वेगाला तिसऱ्यात 2400, दुसऱ्यात साडेतीन हजारांच्या आसपास. म्हणजे चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना इंजिन सव्वापटीहून थोडं जास्त फिरायला हवं, आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना जवळजवळ दीडपट. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, पण ही पट बहुतेक छोट्या गाड्यांत अशीच असते. एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर ताशी 40 आणि 50 ला प्रत्येक गिअरमध्ये इंजिनचा आवाज नीट ऐकून घ्या. काटा शेजारी बसलेल्याने वाचावा, तुमची नजर रस्त्यावरच हवी. पंधरा दिवसांत आवाज कानात बसतो आणि मग काट्याची गरजच उरत नाही.

त्याआधी बसायची पद्धत. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण तुटत नाही आणि प्रत्येक गिअरला रिंगेवर भार येतो. पायाखालची जाड मॅट क्लचच्या मागे सरकली तरी हेच होतं. ती हुकाला अडकवा किंवा काढून टाका. चप्पल नको, पातळ तळव्याचे बूट हवेत. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर ती आजच सोडा, कारण तो भार आत गिअर सरकवणाऱ्या फोर्कवर येतो. क्लचवर पाय टेकवून ठेवणं आणि चढावर हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरणं तर नकोच. चढावर हँडब्रेक लावा. माझ्या क्लच प्लेटचा निम्मा जीव सिग्नलवरच्या हाफ क्लचने खाल्ला होता.

आता गिअर वाढवण्याबद्दल. ॲक्सिलरेटर सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी. पाय आधी सुटला तर गाडी गचका खाते, उशिरा सुटला तर इंजिन ओरडतं. दांडा न्यूट्रलमधून पुढच्या गिअरच्या तोंडाशी न्या, बोटांनी हलका दाब द्या आणि थांबा. ही थांबण्याची वेळ पापणी लवण्याइतकीच असते, पण तेवढ्यात रिंग तिचं काम करते आणि गिअर जणू आत ओढला जातो. तो ओढला गेल्याचं बोटांना जाणवेपर्यंत जोर लावायचा नाही. मी आठ महिने नेमका तिथेच तळहाताने ठोसा देत होते. नव्या गाड्यांत ॲक्सिलरेटर सोडल्यावरही आरपीएम लगेच खाली येत नाही, क्षणभर लोंबकळतो. तिथे क्लच सोडायला किंचित उशीर करा. रेस दाबून ठेवूनच गिअर टाकायचा प्रकार तुम्ही पाहिला असेल. रोजच्या गाडीत तो कधीही करू नका.

गिअर उतरवणं हा या शिक्षणाचा गाभा आहे. नुसता क्लच दाबून तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलात आणि क्लच सोडला, की 2400 वर असलेल्या इंजिनला चाकं खेचून साडेतीन हजारांवर नेतात. ती खेच क्लच प्लेट घासून सोसते, इंजिनचे माउंट सोसतात, पुढचे टायर सोसतात. पावसात ओल्या उतारावर हीच खेच पुढची चाकं क्षणभर घसरवू शकते. ताम्हिणी उतरताना माझ्या गाडीने एकदा वळणाच्या तोंडाशी असा झोल खाल्ला होता. त्या दिवसापासून रेव्ह मॅचिंगकडे, म्हणजे रेस देऊन इंजिनचा वेग खालच्या गिअरशी जुळवण्याकडे, मी शर्यतीचं कौशल्य म्हणून बघणं सोडलं. घाटात ते सुरक्षिततेचं कौशल्य आहे.

कृती साधी आहे. आधी ब्रेकने वेग कमी करा. मग क्लच दाबा, दांडा खालच्या गिअरमध्ये न्या, आणि क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला एक छोटी टिचकी द्या म्हणजे इंजिन त्या गिअरला हव्या त्या आरपीएमवर उडी घेईल. ते खाली पडायच्या आत क्लच सोडा. बरोबर जमलं तर गिअर बदलल्याचं शेजारी बसलेल्याला कळतही नाही. गाडी पुढे झेपावली तर रेस जास्त झाली, नाक खाली गेलं तर कमी पडली. सरावाला चौथ्यावरून तिसऱ्यावर यायचंच घ्या, कारण तिथे फरक लहान असतो. मी महिनाभर तेवढंच केलं, मग तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आले. चालत्या गाडीत पहिला गिअर या सरावात आणू नका. आणि टिचकी म्हणजे टिचकीच. घोट्यातून पाय हलला पाहिजे, मांडीतून नाही. घराखाली गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून, हँडब्रेक ओढून, इंजिन 1500 वरून 2500 वर एका टिचकीत नेण्याचा सराव पाच-पाच मिनिटं करा, शेजाऱ्यांची वेळ बघून.

मात्र इथेच ती गल्लत होते. क्लच दाबून ठेवून दिलेल्या रेसने क्लच प्लेट वाचते, पण पितळी रिंगेला त्याचा काही उपयोग नाही. क्लच दाबलेला असताना इंजिन गिअरबॉक्सपासून तुटलेलं असतं, मग आतल्या शाफ्टला वेग कोण देणार? तो द्यावा लागतो रिंगेलाच. रेव्ह मॅचिंग करूनही माझा दुसरा गिअर का कुरकुरत होता, याचं उत्तर मला गॅरेजमध्ये मिळालं नाही. ते आमच्या सोसायटीतल्या काकांकडे मिळालं. काका एसटीत चालक होते आणि जुन्या, सिंक्रो नसलेल्या गिअरबॉक्सच्या गाड्या त्यांनी घाटात चालवलेल्या. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, तू एकदाच क्लच मारतेस. दोनदा मार."

डबल क्लच म्हणजे तेच. क्लच दाबून न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, न्यूट्रलमध्येच रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकायचा. मधे क्लच सुटलेला असताना इंजिन शाफ्टला जोडलेलं असतं, त्यामुळे रेस थेट शाफ्टपर्यंत पोहोचते. दोन्ही फरक एकदमच मिटतात आणि दांडा लोण्यात सुरी जावी तसा आत जातो. काकांच्या गाड्यांत याशिवाय गिअर पडतच नसे. आजच्या गाडीत रोज याची गरज नाही. पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना, आणि थंडीत सकाळी गिअर ऑइल घट्ट असताना, मी आवर्जून डबल क्लच करते. ते जमेपर्यंत रिंग वाचवायचा सोपा उपाय एकच, तो म्हणजे हात सावकाश. काकांनी आणखी एक सांगितलं, ते घाटातले सगळेच जुने चालक सांगतात: ज्या गिअरमध्ये घाट चढलीस त्याच गिअरमध्ये उतर.

हील अँड टो, म्हणजे उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक दाबून ठेवत त्याच पायाच्या कडेने किंवा टाचेने रेस देणं, यासाठी घाई करू नका. आपल्या बहुतेक गाड्यांत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा उंच असतं. ब्रेक जोरात दाबल्यावरच दोन्ही एका पातळीत येतात, आणि रोजच्या रस्त्यावर इतका जोरात ब्रेक लावायची वेळ यायला नको. हलक्या ब्रेकवर प्रयत्न केलात तर पाय वाकडा होऊन ब्रेकचा दाब कमीजास्त होतो. काही नव्या गाड्या ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकत्र दाबले की रेस तोडतात. अशा गाडीत टिचकी लागणारच नाही, दोष तुमच्या पायाचा नसेल. पायाची ठेवण शिकायची तर गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, चाकाला वीट लावून आणि इंजिन चालू ठेवून शिका. इंजिन बंद असेल तर दोनचारदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो आणि पायाला खोटा अंदाज बसतो.

ज्या एका चुकीत अख्खं इंजिन जातं, तीही सांगते. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना दांडा सरळ मागे यायला हवा. घाईत, ताठ मनगटाने, आपल्या उजव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या गाडीत डावा हात त्याला नकळत बाहेर, डावीकडे ढकलतो आणि चौथ्याऐवजी दुसरा पडतो. इंजिन तिसऱ्यात साडेपाच हजारांवर असेल तर क्लच सुटताच ते आठ हजारांच्या वर फेकलं जातं. इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणारा लिमिटर इथे वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो आणि इथे इंजिनला चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटू शकतात. उपाय मुठीत आहे: दांडा घट्ट पकडू नका. न्यूट्रलमध्ये सोडला की स्प्रिंग त्याला स्वतःहून तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणते. चौथ्यासाठी दोन बोटांनी सरळ मागे ओढा, बाकी स्प्रिंग बघते. इंजिन बंद करून डोळे मिटून हे शंभरदा करा. कंटाळवाणं आहे, पण मी केलंय.

देखभालीत गिअर ऑइलकडे कुणी बघत नाही. मॅन्युअलमध्ये ऑइलचा दर्जा जीएल-4 लिहिला असेल तर जीएल-4 च घाला. जीएल-5 'वरच्या दर्जाचं' म्हणून कुणी घालत असेल तर नको म्हणा, त्यातली काही रसायनं पितळेला मानवत नाहीत. क्लच घसरतोय का हे बघायचं तर मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 ला चौथ्यात पूर्ण रेस द्या. काटा वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली तर प्लेट गेली समजा. करपट वास आला की तो दिवस सराव बंद, क्लचला थंड होऊ द्या.

आणि जागा. इथवरचं सगळं कायद्यातल्या वेगात, साध्या रस्त्यावर शिकता येतं. त्यापुढचं, खऱ्या वेगातलं, घाटात करू नका. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे, आणि वळणापलीकडून दूधवाला येत असतो. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टईचं सर्किट या त्यासाठी बांधलेल्या जागा आहेत. पुण्याहून लांब पडतात, खर्चही होतो. मी दोन वर्षं पैसे साठवून एकदा कोइमतूरला गेले. हील अँड टो तिथेच पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळलं, कारण तिथे ब्रेक खरोखर जोरात लागतो आणि पेडल आपोआप पातळीला येतं.

परवा गिअर ऑइल बदलून घेतलं, दुरुस्तीनंतर 24,000 किलोमीटर झाल्यावर. त्याच मेकॅनिकने ड्रेन बोल्ट पुसायच्या आधी मला दाखवला. त्याच्या टोकाच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी बारीक चिखली होती, एवढी पोलादाची झीज होतेच. मग ट्रे उन्हात नेला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. त्याने बोट बुडवून अंगठ्याशी चोळलं, पुन्हा उन्हात धरलं. "ताई, पितळ नाही."