आमदाराची कारकीर्द कशी लिहावी

कारखान्याची स्मरणिका, महाविद्यालयाचा विशेषांक किंवा एम. ए.चा लघुप्रबंध अशा निमित्ताने आपल्या भागातील एखाद्या आमदारावर लिहिण्याची जबाबदारी सातारा-सांगलीत अनेकांवर येते. असे लेखन बहुधा ‘लोकनेते’, ‘विकासपुरुष’ अशा विशेषणांनी भरून जाते आणि त्या माणसाने विधानभवनात नेमके काय केले, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या मते राज्य पातळीवरच्या राजकारण्याचे काम दोन निवडणुकांच्या मधल्या काळात शोधावे लागते, आणि त्याची कागदपत्रे मिळवणे वाटते तितके अवघड नाही.

पहिले काम कालपट तयार करण्याचे. नमुन्यादाखल आर. आर. पाटील यांची कारकीर्द पाहावी. तासगाव तालुक्यातील अंजनीचे पाटील, म्हणजे लोकांचे ‘आबा’, १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत निवडून आले, १९९० मध्ये तासगावातून प्रथम विधानसभेत गेले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी विधानसभेच्या सलग सहा निवडणुका जिंकल्या. १९९९ च्या सरकारात ते ग्रामविकास मंत्री झाले. पुढे गृह खाते आणि २००४ मध्ये उपमुख्यमंत्रिपद मिळाले. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि २००९ मध्ये पुन्हा गृह खात्याची सूत्रे घेतली. एवढ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या की लेखाचे प्रश्न आपोआप उभे राहतात. ग्रामविकास मंत्री म्हणून त्यांनी राबवलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामागे जिल्हा परिषदेतील अनुभवाचा वाटा किती होता? ते गृहमंत्री असताना आलेली २००५ ची डान्सबार बंदी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही का टिकली नाही? चांगल्या लेखात या दोन्ही प्रश्नांना जागा असली पाहिजे.

कालपट करताना मतदारसंघांच्या नावांकडे बारकाईने पाहावे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणूनच यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे जुन्या कागदांत सातारा जिल्ह्यात आणि आज सांगली जिल्ह्यात सापडते. यशवंतराव १९४६ मध्ये प्रांतिक कायदेमंडळात निवडून गेले तेव्हा प्रौढ मताधिकार नव्हता, त्यामुळे त्या मतदानाची १९५२ शी थेट तुलना करता येत नाही. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते कराडमधून थोडक्या मतांनी निवडून आले. त्या वेळी ते द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते, हे सांगितल्याशिवाय त्या निकालाचे वजन कळणार नाही. तसेच २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर तासगावचा मतदारसंघ तासगाव-कवठे महांकाळ झाला, म्हणून २००४ आणि २००९ चे मताधिक्य शेजारी ठेवताना ही टीप द्यावीच.

त्यानंतर विधिमंडळाची कार्यवाही वाचावी. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणाऱ्या), अर्धा तास चर्चा, अर्थसंकल्पावरील भाषणे आणि समित्यांचे सदस्यत्व यांच्या नोंदी छापील स्वरूपात असतात व विधिमंडळाच्या ग्रंथालयात पाहता येतात. ‘अमुक इतके प्रश्न विचारले’ या आकड्यावर मात्र विसंबू नये. एकाच प्रश्नाखाली अनेक सदस्यांची नावे असतात, त्यामुळे सभागृहात उपप्रश्न कोणी विचारला, मंत्र्याने कोणते आश्वासन दिले आणि ते आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या विधिमंडळ समितीपुढे आले का, एवढे तपासल्यावरच त्या आमदाराचा पाठपुरावा दिसतो. तो मंत्री झाला की मोजमाप बदलते. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो; तेव्हा त्याची विधेयके, खात्याचे शासन निर्णय आणि सभागृहातली उत्तरे वाचावी लागतात.

खरी कसोटी पाण्याच्या योजनांपाशी लागते. दुष्काळी पट्ट्यात ‘टेंभूचे पाणी आणले’ हे वाक्य अनेक नेत्यांच्या नावापुढे लावले जाते. कराडजवळ टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून ते कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेणाऱ्या या योजनेचे श्रेय ठरवायचे तर प्रशासकीय मान्यता, सुधारित प्रशासकीय मान्यता, अर्थसंकल्पातील तरतूद, प्रत्यक्ष खर्च आणि शिवारात पाणी पोहोचल्याचे वर्ष या पाच नोंदी वेगवेगळ्या लिहाव्यात. भूमिपूजनाची कोनशिला आणि लोकार्पणाची कोनशिला या दोन्हींचे छायाचित्र घ्यावे. त्यांवरच्या तारखा आणि नावे ताडून पाहिली की मधल्या काळात किती सरकारे बदलली हे कळते. येथे व्यक्तीपलीकडची कारणेही सांगितली पाहिजेत. कृष्णेचे पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याचा ३१ मे २००० नंतर फेरविचार होऊ शकत होता, त्यामुळे वाट्याचे पाणी त्याआधी अडवण्याची निकड होती. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रोख्यांतून पैसा उभारला गेला. हा संदर्भ गाळला तर सरकारच्या धोरणाचे श्रेय आमदाराच्या पदरात पडते. उलट, निधी अडला तेव्हा ज्याने अधिवेशनामागून अधिवेशन तोच विषय लावून धरला, त्याचे नाव कार्यवाहीत नक्की सापडते आणि ते ठळकपणे लिहिले पाहिजे.

संपत्तीसाठी उमेदवारी अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रे पाहावीत, पण ती उमेदवाराने स्वतः दिलेली माहिती आहे हे नमूद करावे.

मुलाखती कागद वाचून झाल्यावर घ्याव्यात, म्हणजे विचारण्यासारखे काही हाती असते. कुटुंबीय व कार्यकर्त्यांबरोबर जुने स्वीय सहायक, निवृत्त ग्रामसेवक आणि विरोधात लढलेले उमेदवार यांना भेटावे. विरोधक कित्येकदा अधिक मोकळेपणाने गुण सांगतात, असा माझा अनुभव आहे. सांगली परिसरात २०१९ च्या महापुराचे पाणी घराघरांत शिरले होते, त्यामुळे कोणाकडे जुनी पत्रे, निमंत्रणपत्रिका किंवा कात्रणे असतील तर त्यांची छायाचित्रे त्याच भेटीत काढून घ्यावीत. मजकूर कुटुंबीयांना तारखा व नावे तपासण्यासाठी जरूर दाखवावा, मात्र पराभव, पक्षांतर किंवा राजीनामा गाळण्याची विनंती आली तर ती नम्रपणे नाकारावी. ज्या नोंदीला कागद मिळाला नाही, तिच्यापुढे ती कोणी सांगितली हे लिहावे आणि लेखाची एक प्रत, मुलाखतींच्या टिपणांसह, गावच्या वाचनालयात जमा करावी.