बाथरूमचा नळ घरीच बदलला

बाथरूममधला बादलीचा नळ कितीही आवळला तरी टपकत राहायचा. वायसर बदलून पाहिला, पण तो आत जिथे टेकतो ती पितळी कडच झिजलेली, म्हणून अख्खा नळ बदलायला घेतला. प्लंबिंगचा हा पहिलाच अनुभव.

दुकानात जुन्या नळाचा फोटो दाखवला. घरातले नळ बहुधा अर्ध्या इंचाचे, म्हणजे १५ एमएमचे असतात.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपात उरलेलं पाणी सोडून दिलं आणि जुना नळ डावीकडे फिरवत काढला. खरं काम पुढेच आहे. भिंतीतल्या आट्यांत जुन्या टेफ्लॉन टेपचे (गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) तुकडे आणि क्षार चिकटलेले असतात. ते जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा, नाहीतर नवा नळ कितीही भारी असला तरी गळणारच. मग नळाचे आटे आपल्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळली. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. बाजारातली साधी टेप पातळ असते, दहा-बारा वेढे हवेतच.

फ्लँज, म्हणजे भिंतीतलं भोक झाकणारी गोल चकती, आधीच नळावर सरकवून घ्या. नळ हाताने जाईल तेवढा आवळला, शेवटी फडकं गुंडाळून पाना लावला. तोंड सरळ करायला नळ मागे फिरवू नका, टेपची पकड सुटते. पुढे गेलाच तर काढून नवी टेप. जोर मात्र बेतानेच, भिंतीतला सीपीव्हीसीचा एल्बो (प्लास्टिक पाइपाचा काटकोनी जोड) तडकू शकतो.

व्हॉल्व्ह हळूहळू उघडला आणि सांध्याभोवती टिश्यू पेपर फिरवला. सकाळी पुन्हा तपासलं, तेव्हाही कोरडाच.