आजीची चिनीमातीची बरणी खरंच राणीच्या काळातली आहे का? पालथी करून बघा

आपल्याकडं औरंगाबाद, जालना, हिंगोलीला निजामाच्या काळात इंग्रजी छावण्या होत्या, त्यामुळं जुन्या वाड्यात माळा आवरताना एखादी विलायती बशी नाहीतर जाड तपकिरी बरणी निघाली तर नवल नाही. मग घरात कोणीतरी म्हणतंच, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे, लाखाला जाईल. थांबा जरा. वरची फुलंबिलं बघू नका, फुलं कोणीपण काढतं, बूड बघा.

आधी माठ घेताना मारतो तशी टिचकी मारा, भद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे. बूड ओल्या फडक्यानं पुसायचं, राख-काथ्या अजिबात नको, शिक्का गेला तर सगळंच गेलं. मग मोबाईलचा टॉर्च आडवा धरा, दाबलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात.

समजा 'डॉल्टन' वाचता आलं. हे घराणं मजेशीर आहे, जॉन डॉल्टननं १८१५ ला लंडनमधे १०० पौंड घालून एका छोट्या कारखान्यात भागीदारी घेतली, तिथं बाटल्या, बरण्या असला साधा माल निघायचा. पोरगा हेन्री १८३५ ला कामाला लागला आणि त्यानं १८४६ ला चक्क गटारीच्या पाईपचा कारखाना काढला, लंडनला कॉलरा-घाणीनं बेजार केलेलं त्यामुळं पाईप धडाक्यात खपले (म्हणजे शोकेसमधल्या फुलदाणीमागं गटारीचा पैसा, सांगा पाहुण्यांना!). तापलेल्या भट्टीत मीठ टाकायचे, त्याच्या वाफेनं मातीवर काच धरते, म्हणून असल्या भांड्यावर हात फिरवला की संत्र्याच्या सालीसारखं लागतं.

आता शिक्क्याचं. 'लॅम्बेथ' असेल तर माल लंडनचा, आणि बाजूला हातानं कोरलेली अक्षरं असतील तर ती कलाकाराची सही, हाना बार्लो ही बाई १८७१ पासून तिथं घोडे-गुरं कोरायची, तिची सही मिळाली तर लॉटरीच. 'बर्स्लेम' (हे इंग्लंडमधलं दुसरं गाव) असेल तर १८७७ नंतरचा, कारण तिथल्या कारखान्यात ते त्याच सुमारास उतरले. आणि 'रॉयल डॉल्टन' लिहिलं असेल तर राणी विसरा, 'रॉयल' १९०१ ला मिळालं आणि राणी त्याच वर्षी जानेवारीत गेली.

नाव लागत नसेल तर शंकरपाळ्यासारखा चौकोन शोधा, तो डिझाईन-नोंदणीचा शिक्का, १८४२ ते १८८३ मधला, पण ती तारीख डिझाईन नोंदवल्याची, भांडं नंतरचंही असू शकतं. १८८४ पासून नुसता नोंदणी नंबर. 'इंग्लंड' छापलंय तर बहुतेक १८९१ नंतरचं, कारण अमेरिकेनं मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि 'मेड इन इंग्लंड' असेल तर साधारण विसाव्या शतकातलं धरा.

आमची बरणी अजून पालथी केली नाही. आत कैरीचं लोणचं आहे आणि आई हात लावू देत नाही.