जुन्या पॉलिसीच्या पैशातून जमीन साफ करायची आहे? या चुका टाळा

न्यू जर्सीत छोटा शॉपिंग प्लाझा विकत घेणारे मराठी लोक आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. सौदा होतो, भाडं सुरू होतं, आणि कर्ज बदलायच्या वेळी बँक माती तपासून मागते. अहवालात शब्द येतो परक्लोरोइथिलीन, धंद्यात ज्याला नुसतं 'पर्क' म्हणतात. कोपऱ्यातल्या गाळ्यात कधीकाळी ड्रायक्लीनर होता, त्याचं रसायन झिरपत भूजलापर्यंत गेलंय. न्यू जर्सीचा 1976 चा स्पिल कायदा आणि लव्ह कॅनॉल वस्तीतल्या विषारी कचऱ्याच्या प्रकरणानंतर 1980 साली आलेला केंद्राचा सुपरफंड कायदा (प्रदूषित जागांच्या सफाईचा), दोन्ही मागे जाऊन जबाबदारी लावतात. 'आम्ही केलं नाही' एवढं सांगून जमीनमालकाची सुटका होत नाही. सफाईचा आकडा ऐकला की घाम फुटतो.

हा पैसा पुष्कळदा एखाद्या माळ्यावरच्या खोक्यात, जुन्या विमा पॉलिसींच्या रूपात पडलेला असतो. पण तो मिळण्याआधीच लोक घालवतात, ते असे.

'पॉलिसी संपली' म्हणून कागद रद्दीत टाकणं

ही सगळ्यात महागडी चूक. गाडीच्या विम्यासारखंच इथेही असेल, मुदत संपली की कागद मेला, अशी आपली समजूत असते. अमेरिकेत 1966 पासूनच्या प्रमाणित सीजीएल पॉलिसी, म्हणजे व्यवसायाच्या सर्वसाधारण दायित्वाच्या पॉलिसी, घटनेवर आधारलेल्या होत्या. नुकसान पॉलिसीच्या काळात घडलं असेल, तर दावा आज आला तरी कंपनीला उत्तर द्यावं लागतं. 1972 साली पर्क मातीत मुरत असेल, तर 1972 ची पॉलिसी अजून जिवंत आहे. आणि ते पुढे दहा वर्षं मुरत राहिलं असेल, तर अनेक राज्यांत त्या दहाही वर्षांच्या पॉलिसी जाग्या होतात. म्हणून एक पॉलिसी सापडली की शोध थांबवू नका.

(भारतातल्या भावाच्या कारखान्यासाठी हाच उपाय लगेच सुचवू नका. तिथल्या दायित्व पॉलिसी सहसा दाव्याच्या तारखेवर चालतात. जुना कागद उघडून तिथे फारसं हाती लागत नाही.)

फक्त आताच्या विमा कंपनीला फोन करणं

1986 च्या सुमारास विमा कंपन्यांनी पॉलिसीत प्रदूषण सरसकट वगळणारं कलम घातलं. त्यामुळे आजची कंपनी बहुधा नकाराचं पत्र पाठवते, आणि लोक तिथेच विषय बंद करतात. पैसा असतो तो त्याआधीच्या वर्षांत.

पॉलिसी सापडत नाही म्हणून हात टेकणं

मूळ प्रत नसली तरी पॉलिसी होती हे इतर पुराव्यांनी सिद्ध करता येतं. खातेवहीतली प्रीमियमची नोंद बघा, तिच्यात पॉलिसी क्रमांक असेल तर सोनंच. जुना भाडेकरार बघा. मालकाने भाडेकरूकडून विम्याचं प्रमाणपत्र घेतलेलं असतं. बँकेची कर्जाची फाइल, एजंटचं दप्तर, संचालकांच्या सभेची टिपणं. कुणी ग्राहक दुकानात घसरून पडला होता आणि खटला झाला होता का, तेही विचारा. तेव्हाच्या वकिलाच्या फाइलमध्ये विमा कंपनीचं नाव बहुधा असतं. हे काम करणाऱ्यांचा वेगळा व्यवसायच आहे, त्याला 'विमा पुरातत्त्व' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण माणसं खरोखर उत्खननच करतात.

कंपनीचं नाव आज दिसत नाही म्हणून ती बुडाली असं समजू नका. आयएनए ही जुनी विमा कंपनी 1982 साली सिग्ना या कंपनीत गेली, तो व्यवसाय 1999 साली एस (ACE) या विमा कंपनीने घेतला, आणि एसने 2016 साली चब ही कंपनी विकत घेऊन तेच नाव लावलं. म्हणजे आयएनएच्या कागदासाठी आज चब समूहाचं दार ठोठवावं लागतं. कंपनी खरोखरच बुडाली असेल, तर राज्याचा हमी निधी असतो, पण त्याच्या मर्यादा कडक असतात.

आधी साफ करून मग बिल पाठवणं

आपल्याकडच्या सरळ माणसाला वाटतं, सफाई करा असं सरकारी पत्र आलंय, काम उरकून टाकू, हिशेब नंतर. विमा कंपनी तेव्हा दोन कलमं दाखवते: वेळेत कळवलं नाही, आणि आमच्या संमतीवाचून स्वेच्छेने खर्च केला. पत्र हाती पडताच सापडलेल्या प्रत्येक पॉलिसीच्या कंपनीला लेखी कळवा. पहिल्या थरातल्या (प्रायमरी) पॉलिसीत वकिलाचा, म्हणजे बचावाचा खर्चही कंपनीवर असतो, आणि तो बहुधा विम्याच्या रकमेतून वजा होत नाही. मात्र कंपनीने बचावाला उतरायला सरकारी पत्राला 'खटला दाखल झाला' असं धरायचं का, यावर राज्याराज्यांत मतभेद आहेत. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितलं, कोर्टातला खटलाच हवा. दुसरीकडे बऱ्याच ठिकाणी पत्र पुरतं.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मित्राचा सल्ला इंडियानात वापरणं

1970 पासून पॉलिसींत प्रदूषण वगळणारं कलम आलं, फक्त 'अचानक आणि अपघाती' गळतीचा अपवाद ठेवून. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली मॉर्टन खटल्यात विमा कंपन्यांना सुनावलं, की हे कलम मंजूर करून घेताना तुम्ही नियामकांना त्याचा खरा अर्थ सांगितला नव्हता. म्हणून 'अचानक' या शब्दामागे लपता येणार नाही. इंडियानात तर 1996 च्या कायगर खटल्यात पेट्रोल पंपाच्या गळतीवर सरसकट वगळणारं कलमही संदिग्ध ठरलं. तिथे 1986 नंतरचे कागदही चाळायला हवेत. दुसऱ्या राज्यांत हेच कलम दाव्याचा जीव घेतं. राज्य कोणतं, हा पहिला प्रश्न.

ती पॉलिसी आपलीच समजणं

तुम्ही जमीन घेतलीत, ड्रायक्लीनरचा धंदा घेतला नाहीत. मग त्याच्या पॉलिसीवर तुमचा थेट हक्क सहसा नसतो. मार्ग वळणाचा आहे: सफाईच्या खर्चासाठी जुन्या चालकावर दावा लावायचा, मग त्याची विमा कंपनी त्याच्या बचावाला उतरते. म्हातारा चालक घाबरतो, फोन उचलत नाही. त्याला नीट समजावा, की तुमचा डोळा त्याच्या घरावर नाही, त्याच्या जुन्या कागदांवर आहे. बहुतेक वेळा खोकं त्यानंतरच खाली उतरतं.